वर येण्याची घाई

जालन्याहून मुंबईला जाणारी गाडी इगतपुरी सोडून कसारा घाट उतरू लागली की डब्यात एक गंमत दिसते. कुणी जांभई देतं, कुणी उगाच आवंढा गिळतं, कुणी नाक चिमटीत धरून गाल फुगवतं. एखादं तान्हं बाळ कळवळून रडतं आणि त्याची आई घाईघाईने त्याला पाजायला घेते. सगळ्यांच्या कानात दडे बसलेले असतात.

नवीन जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. कसारा घाटात गाडी जेमतेम पंधरा किलोमीटरमध्ये सुमारे ३०० मीटर खाली उतरते. एवढ्याशा फरकाने कान तक्रार करतो. आता हाच हिशेब पाण्यात करून बघा. अख्खा घाट उतरताना जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात हातभरही खाली न जाता वाढतो. विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणायची पैज ज्यांनी लावली असेल, त्यांना दोन परस खाली गेल्यावर कानात सुई टोचल्यासारखं का होतं, याचं उत्तर इथे आहे.

कानाच्या पडद्यामागे एक छोटीशी बंद खोली असते. तिथून घशाकडे जाणारी एक नळी निघते, पण ती एरवी मिटलेली असते. जांभई दिली किंवा आवंढा गिळला की ती क्षणभर उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. वर चढताना आतली जास्तीची हवा बहुतेक वेळा आपोआप बाहेर सटकते. खाली येताना मात्र हवा आत घ्यावी लागते, आणि सर्दीने नळी सुजली असेल तर ती आत जात नाही. मग पडदा आत ओढला जातो, दुखतो, आणि फरक फारच वाढला तर फाटतो. नाक दाबून गाल फुगवण्याच्या युक्तीला आज ज्याचं नाव आहे, त्या व्हाल्साल्वा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने कानावरचं पुस्तक १७०४ मध्ये लिहिलं. तेव्हा विमानं नव्हती. त्याला या युक्तीने कानातला पू बाहेर काढायचा होता.

इथपर्यंत वाचून वाटेल की दोष दाबाचा आहे. तसं नाही. माणसाचं शरीर दाब आश्चर्य वाटावं इतका सहन करतं. त्याला सहन होत नाही ती घाई. दाबाने झालेल्या दुखापतींचा गेल्या दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास बघितला, तर शरीराने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागितलेली दिसते. ती म्हणजे वेळ. आणि नेमका तोच द्यायला माणसं कां-कूं करतात.

गोटीसोड्याची बाटली

१६७० मध्ये रॉबर्ट बॉइल या इंग्रज शास्त्रज्ञाने एका प्रयोगाची नोंद प्रसिद्ध केली. त्याने एक विषारी साप काचेच्या भांड्यात ठेवून आतली हवा पंपाने झपाट्याने काढून घेतली. तेव्हा सापाच्या डोळ्यात त्याला एक बुडबुडा हलताना दिसला. दाब अचानक उतरला की जिवंत शरीरात बुडबुडे होतात, हे माणसाने पहिल्यांदा पाहिलं ते असं.

१ डिसेंबर १७८३ रोजी पॅरिसहून जाक शार्ल हा फ्रेंच शास्त्रज्ञ हायड्रोजनच्या फुग्यात बसून उडाला. पहिल्या फेरीत त्याचा सोबती उतरला, वजन कमी झालं आणि फुगा शार्लला एकट्याला घेऊन सुमारे ३,००० मीटरपर्यंत झपाट्याने चढला. त्याच्या उजव्या कानात असह्य कळ आली. उड्डाणामुळे कान दुखल्याची ही पहिली नोंद मानली जाते. शार्ल त्यानंतर पुन्हा कधीच उडाला नाही.

बॉइलचा बुडबुडा आणि शार्लचा कान ही या विषयाची दोन टोकं आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिला प्रकार पोकळ्यांचा आहे. कान, नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, फुप्फुसं. जिथे हवा कोंडलेली असते, तिथे दाब बदलला की ती फुगते किंवा आकसते आणि आजूबाजूचं मांस फाडते. दुसरा प्रकार रक्तात विरघळलेल्या हवेचा. गोटीसोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलेपर्यंत सोडा पाण्यासारखा निवांत दिसतो. गोटी आत गेली की फस्सकन बुडबुडे उठतात. दाबाखाली श्वास घेणाऱ्या माणसाच्या रक्तात आणि चरबीत हवेतला नायट्रोजन असाच विरघळत जातो. तो हळूहळू वर आला तर नायट्रोजन श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर माणसाचीच बाटली होते. बुडबुडे सांध्यात अडकले तर खांदे-गुडघे ठणकतात, मणक्यात अडकले तर पाय जातात, मेंदूत गेले तर जीव.

पुलांखाली गेलेली माणसं

हा दुसरा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला तो समुद्रात नव्हे, नदीच्या तळाशी. १८४०च्या सुमारास फ्रान्समध्ये त्रिजे या अभियंत्याने एक नामी युक्ती काढली. लोखंडाची मोठी नळी नदीकाठच्या वाळूत उभी रोवायची आणि आत हवा इतक्या जोराने भरायची की पाणी बाहेर ढकललं जाईल. मग कोरड्या तळावर माणसं उतरवून खणायचं. ही माणसं दिवसभर दाबाखाली काम करायची आणि पाळी संपली की काही मिनिटांत बाहेर यायची. १८५४ मध्ये पोल आणि वातेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा कामगारांचा अभ्यास छापला. धोका आत जाण्यात नाही, बाहेर येण्यात आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. दुखणाऱ्या माणसाला पुन्हा दाबात नेलं की आराम पडतो, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

म्हणजे रोग कळला होता आणि उपायही जवळजवळ कळला होता. पुढे काय झालं? पूल बांधण्याचा सपाटा सुरू झाला.

१८७०च्या आसपास अमेरिकेत सेंट लुईसला मिसिसिपी नदीवर आणि न्यूयॉर्कला ब्रुकलिनच्या पुलासाठी याच पद्धतीने पाया खणला गेला. सेंट लुईसला डझनाहून अधिक मजूर मेले. कंबरेतून वाकून चालणाऱ्या मजुरांची चेष्टा करताना त्यांच्याच सोबत्यांनी त्या काळच्या फॅशनेबल बायकांच्या वाकड्या चालीचं नाव या रोगाला दिलं. पाणबुडे आजही त्याला 'बेंड्स' म्हणतात. ब्रुकलिनला डॉ. अँड्र्यू स्मिथ यांनी ११० रुग्णांची नोंद केली. त्यांतले तीन दगावले. खोली वाढली तशा मजुरांच्या पाळ्या लहान करण्यात आल्या. हेतू चांगला होता, पण एकाच माणसाला दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा खाली जाऊन वर यावं लागे. धोका वर येण्यातच असल्यामुळे एका परीने तो वाढलाच. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः या रोगाने खचला. पुढची कित्येक वर्षं तो घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम बघत राहिला आणि त्याची पत्नी एमिली त्याच्या सूचना कामावर पोचवत राहिली. रोबलिंगचं नाव इतिहासात राहिलं. त्या ११० जणांतली बहुतेक नावं आज कुणाला आठवत नाहीत.

१८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने बुडबुडे नायट्रोजनचे असतात हे प्रयोगांनी दाखवून दिलं. तरीही खोदकाम जुन्याच पद्धतीने चालू राहिलं. न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालच्या बोगद्यात तर मृत्यूचं प्रमाण वर्षाला कामगारांच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत पोचलं होतं. १८९०च्या सुमारास तिथे अर्नेस्ट मॉयर नावाचा अभियंता आला. त्याने बोगद्याच्या तोंडाशी एक लोखंडी खोली बसवली. दुखायला लागलेल्या मजुराला त्या खोलीत न्यायचं, पुन्हा दाब द्यायचा आणि मग तो सावकाश उतरवायचा. पुढच्या पंधरा महिन्यांत दोनच मजूर दगावले. नवं औषध कुठलंच आलं नव्हतं. पोल आणि वातेल यांनी लिहून ठेवलेली गोष्ट कुणीतरी छत्तीस वर्षांनी कामावर अमलात आणली, इतकंच.

बकऱ्या आणि वेळापत्रक

किती सावकाश म्हणजे पुरेसं सावकाश? याचं उत्तर जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने शोधलं, बकऱ्यांच्या मदतीने. दाबाच्या टाकीतून काढलेली बकरी दुखरा पाय उचलून धरते, त्यामुळे तिला त्रास होतोय हे लगेच कळतं. हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की शरीर दाब साधारण निम्म्यावर आलेला सहन करतं. त्याहून जास्त उतरवायचा तर टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत. १९०८ मध्ये त्यांनी कोष्टकं छापली. इतक्या खोलीवर इतका वेळ राहिलात, तर वर येताना इथे एवढी मिनिटं आणि तिथे तेवढी मिनिटं थांबा. जगभरच्या पाणबुड्यांचं हे पहिलं भरवशाचं वेळापत्रक.

या हॉल्डेनचा मुलगा आपल्या ओळखीचा आहे. जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, पुढे इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९३९ मध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडून ९९ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी दाबाच्या टाकीत स्वतःवरच प्रयोग केले. त्यांच्या कानाचा पडदा फाटला. त्यावर त्यांनी विनोदही केला की आता कानातून विडीचा धूर काढता येतो. पण बापाने कोष्टक लिहिलं आणि मुलाने कान दिला, त्याचा अर्थ एकच होता. दाबातून परतायला किती वेळ लागतो हे अंदाजाने ठरवायचं नसतं, मोजायचं असतं.

मुंबई हाय, २७ जुलै २००५

आता आपल्या समुद्राकडे येऊ. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल सापडलं. समुद्राच्या तळाशी नळ टाकायचे, जोडायचे, दुरुस्त करायचे, तर पाणबुडे हवेत. तिथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. तेवढ्या खोलीवर थोडा वेळ काम करून वर यायचं म्हटलं तरी वर येण्यातच तास जातात. त्यामुळे या धंद्यात वेगळी पद्धत वापरतात. जहाजावर पोलादी दाबकक्ष असतात. पाणबुडे त्यांत समुद्रतळाइतक्याच दाबाखाली दिवसेंदिवस राहतात. तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. कामाला जाताना त्याच दाबाच्या बंद घंटेत बसून खाली उतरतात आणि तशाच दाबात परत येतात. शरीरात जेवढा वायू मुरायचा तेवढा एकदा मुरला की पुढे मुक्काम वाढला तरी परतीचा वेळ वाढत नाही. शेवटी एकदाच, काही दिवस घेऊन, दाब उतरवायचा. हे पाणबुडे जहाजावरच्या खलाशांपासून हातभर अंतरावर असतात, पण त्यांना खलाशांत मिसळायला काही दिवस लागतात.

दार मध्येच उघडलं तर काय होतं, हे ५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तर समुद्रातल्या 'बायफर्ड डॉल्फिन' या तेलविहिरीच्या तराफ्यावर दिसलं होतं. दाबकक्ष आणि घंटा यांना जोडणारी पकड वेळेआधी सुटली. दाब क्षणाच्या आत नऊपटींवरून एकपटीवर आला. आतले चारही पाणबुडे आणि बाहेरचा एक मदतनीस जागीच गेले. दाब शिल्लक असताना ती पकड उघडूच नये, अशी सोय त्या यंत्रणेत नव्हती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. तो दिवस सगळ्यांना आठवतो. दुसऱ्या दिवशी समुद्रात काय झालं, ते फार जणांना आठवत नाही. 'समुद्र सुरक्षा' या ओएनजीसीच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. त्याला उपचारासाठी 'बॉम्बे हाय नॉर्थ' या तेलफलाटावर हलवायचं होतं. समुद्र खवळलेला होता, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. जहाज फलाटाच्या अगदी जवळ गेलं. स्वयंपाक्याला यारीच्या पाळण्यातून वर चढवण्यात आलं. त्यानंतर जहाज फलाटाच्या वायूवाहिनीवर आदळलं, गळती झाली, आणि दुपारी चारच्या सुमारास आग लागली. दोन तासांच्या आत अख्खा फलाट समुद्रात कोसळला. तिथल्या ३८४ माणसांपैकी २२ जण गेले.

जहाजही पेटलं होतं. आणि त्या जहाजाच्या दाबकक्षांत सहा पाणबुडे होते.

इतर माणसांनी काय करायचं ते सोपं होतं. कठीण नव्हे असं म्हणत नाही, पण सोपं होतं. जहाज सोडायचं. या सहा जणांना तेवढाही पर्याय नव्हता. बाहेर आग होती, आणि आगीपासून दूर नेणारं दार उघडणं म्हणजे मरण. त्यांना जिवंत ठेवणारी भिंत आणि त्यांना कोंडून ठेवणारी भिंत एकच होती. ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. 'समुद्र सुरक्षा' १ ऑगस्टला बुडालं. पेट्रोल पंपावर आपण लिटरचा भाव बघतो, तेव्हा त्या भावामागे अशी माणसंही असतात. परतीचा वेळ त्यांना पैसे देऊन कमी करता येत नाही.

एक बटण

विमानाची गोष्ट उलट्या दिशेची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते एका छोट्या पस मॉथ विमानातून. त्यात दाब राखायची सोय नव्हती आणि तशी उंचीही गाठायची नव्हती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, ते मात्र कॉन्स्टेलेशन जातीचं होतं. त्याच्या केबिनमध्ये हवा दाबून भरली जायची. तेव्हापासून आपण आकाशातही एका दाबकक्षात बसूनच प्रवास करतो. बाहेर हवा जीव जाईल इतकी विरळ असते. आत मात्र साधारण २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असल्याइतका दाब ठेवलेला असतो. हे इतकं बिनबोभाट चालतं की आपल्याला त्याचा पत्ताच नसतो.

'मुंबई हाय'च्या दुर्घटनेनंतर तीनच आठवड्यांच्या आत, १४ ऑगस्ट २००५ रोजी, हेलिओस कंपनीचं एक बोइंग ७३७ सायप्रसहून अथेन्सला निघालं. देखभालीच्या वेळी केबिनच्या दाबाची कळ हाताने चालवायच्या जागी ठेवलेली होती. ती परत फिरवायची राहिली आणि उड्डाणाआधीच्या तपासण्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही. इशारा वाजला, पण वैमानिकांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. प्राणवायू कमी पडून जवळजवळ सगळे गुंगीत गेले, विमान आपोआप उडत राहिलं, इंधन संपल्यावर पडलं. १२१ माणसं गेली.

२० सप्टेंबर २०१८ च्या पहाटे मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात १६६ प्रवासी होते. विमान चढू लागलं आणि प्रवाशांचे कान फुटायला आले. काहींच्या नाकातून, कानातून रक्त आलं. डोक्यावरचे प्राणवायूचे मुखवटे खाली लोंबू लागले. विमान परत मुंबईला आणलं गेलं. सुमारे ३० जणांना त्रास झाला, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितलं की इंजिनातली हवा केबिनमध्ये सोडणारं बटण चालकांनी चालूच केलं नव्हतं. सुदैवाने या वेळी कुणी मेलं नाही. पण सायप्रसमधली कळ आणि मुंबईतलं बटण यांत तेरा वर्षं गेली होती, आणि दोन्ही वेळा उड्डाणाआधीची यादी नीट वाचायला लागणारी काही मिनिटंच कमी पडली होती.

मालवणला जाणाऱ्यांसाठी

पूर्वी या दुखापती पूल खणणाऱ्यांच्या आणि तेल काढणाऱ्यांच्या असायच्या. आता त्या आपल्या सुट्टीत येऊन बसल्या आहेत. तारकर्ली-मालवणला स्कूबा करणं आज नवीन जालन्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींनाही परवडतं. पर्यटकांना नेतात ती खोली थोडी असते, सोबत प्रशिक्षक असतो, आणि बहुतेकांना काहीही होत नाही. तरी दाबाचे नियम पर्यटकाला वेगळे नसतात.

पहिला नियम श्वासाचा. पाण्याखाली नळीतून श्वास घेत असताना तो कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा श्वास कोंडून वर आणली तर दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस फाटू शकतं. घाबरून वर धाव घेणाऱ्याच्या बाबतीत हे दीड मीटर खोलीवरूनही घडू शकतं. दुसरा नियम कानाचा. सर्दी असेल तर उतरायचं नाही. पैसे भरलेत, उद्या परतीची गाडी आहे, मित्र हसतील, म्हणून फॉर्मवर सर्दी लपवणं ही ब्रुकलिनच्याच घाईची धाकटी बहीण. तिसरा नियम परतीचा. पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'चा सल्ला असा की एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. २०२१ पासून चिपीला विमानतळ झाला आहे, त्यामुळे हा सल्ला आता कोकणातही लागू पडतो.

आणि घाट विसरू नका. पाणबुड्यांच्या हिशेबात ३०० मीटरच्या वर जाणं म्हणजे 'उंचीवर जाणं'च. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. परवाना घेऊन खोल आणि वारंवार डुबक्या मारणाऱ्याने त्याच संध्याकाळी घाट चढणं धोक्याचं ठरू शकतं. खांदा-कोपर ठणकू लागलं, अंगावर चट्टे उठले, पायाला मुंग्या आल्या, तर डुबकी मारली होती हे डॉक्टरांना आधी सांगायचं. नाहीतर ते प्रवासाचा शीण म्हणून गोळी देऊन घरी पाठवतील.

अशा रुग्णावरचा उपचार आजही मॉयरच्याच वाटेने जातो. मुंबईत कुलाब्याच्या 'आयएनएचएस अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयाशी सागरी वैद्यकाची संस्था जोडलेली आहे. अशा ठिकाणी रुग्णाला दाबकक्षात ठेवतात, पुन्हा दाब देतात, प्राणवायू देतात आणि मग घड्याळ बघत, थांबत थांबत, काही तासांनी बाहेर काढतात. वर येताना जो वेळ वाचवला होता, तो तिथे व्याजासकट मोजावा लागतो.